जॉर्जटाऊनमधली (पेनांग) भिंतीवरची चित्रं पायी शोधायची आहेत – यादी घेऊन फिरू की तशीच?

चालतीफिरती:

नमस्कार मंडळी. ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी पुढच्या महिन्यात दोन आठवडे मलेशियात पेनांगला जायचंय. काम बायान लेपासला आहे, म्हणजे विमानतळाच्या बाजूला, तिकडे सगळा चिप कंपन्यांचा एरिया, पण मधला शनिवार-रविवार पूर्ण मोकळा आहे आणि आई पण सोबत येतेय. जॉर्जटाऊनमधली भिंतीवरची चित्रं बघायची खूप वर्षांची इच्छा आहे. ती सायकलवरची दोन पोरं तुम्ही कुठे ना कुठे बघितली असतीलच, सायकल खरी, भिंतीला लावलेली, आणि पोरं रंगवलेली.

आता खरा प्रश्न. दोन वर्षांपूर्वी मी फोर्ट कोचीला अशीच भिंती शोधत एकटी फिरले होते. फोनमधे पिना टाकलेल्या, एक झालं की पुढचं, संध्याकाळपर्यंत बावीस फोटो जमले, आणि रात्री आईने फोनवर विचारलं, "काय गं, कसं आहे गाव?" तर मला सांगताच येईना. रस्त्यावर वास कसला होता, लोक काय करत होते, घरं कशी होती, काहीच नाही, कारण दिवसभर मान खाली घालून नकाशातला निळा ठिपका बघत चालले होते. ते मला अजून लागून राहिलंय.

यावेळी तसं होऊ द्यायचं नाहीये. पण काहीच न ठरवता निघाले तर जे बघायला आले तेच राहून जाईल ही पण भीती आहे, दोनच दिवस हातात. आई ६४ ची आहे, रोज पाच किलोमीटर चालते पण उन्हाचा त्रास होतो. जाऊन आलेल्यांनी प्लीज मनापासून सांगा, तुम्ही कसे फिरलात?

केएलकर:

ताई, नऊ वर्षं झाली क्वालालंपूरमधे, पेनांगला वर्षातून दोनदा तरी जाणं होतं. माझं सरळ उत्तर सांगतो, चित्रांची यादी नका घेऊ, गल्ल्यांची घ्या. आर्मेनियन, कॅनन, आह क्वी, चुलिया, लव्ह लेन, मुंत्री, स्ट्युअर्ट. एवढी सात नावं कागदावर लिहा आणि फोन पिशवीत टाका. जुनं गाव छोटं आहे, या सगळ्या गल्ल्या एकमेकींना लागूनच आहेत, आणि प्रत्येक गल्लीत काही ना काही सापडतंच.

दुसरी गोष्ट, लोक फक्त रंगवलेली चित्रं शोधतात आणि लोखंडी सळ्यांची चित्रं सोडून पुढे जातात, मला त्याचं फार वाईट वाटतं. खरं तर ती आधीची. २००८ मधे जॉर्जटाऊन आणि मलेशियातलंच मलाक्का दोन्ही मिळून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली, त्यानंतर तिथल्या राज्य सरकारने स्पर्धा घेतली की गावाची ओळख सांगणारं काहीतरी रस्त्यावर हवं, आणि त्यातून सळ्या वाकवून केलेली ही ५२ व्यंगचित्रं भिंतींवर लागली. प्रत्येक चित्र त्याच गल्लीची गोष्ट सांगतं. लव्ह लेनमधे एक नवरा खिडकीतून पळून चाललाय, कारण शेजारच्या मुंत्री स्ट्रीटवरचे श्रीमंत लोक या गल्लीत बायका ठेवायचे असं तिथले लोक सांगतात. मुंत्रीवर जिमी चू आहे, तो बुटांवाला, त्याने तिथे बूट बनवायचं काम शिकत उमेदवारी केली म्हणून. दोन ओळींचा मजकूर इंग्रजीत असतो, आईंना वाचून दाखवा. हे वाचत वाचत गेलात ना की वेगळा गाईड लागत नाही आणि रंगीत चित्रं मधेमधे आपोआप भेटत जातात.

आणि पाट्या वाचा. लेबुह म्हणजे स्ट्रीट, जालान म्हणजे रोड, लोरोंग म्हणजे गल्ली. आणि काही पाट्यांवर सुरुवातीला "गॅट" असं असतं, गॅट लेबुह चुलिया वगैरे. हा गॅट म्हणजे आपला घाट! इंग्रज आपल्याकडून उचलून तिकडे घेऊन गेले. समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या शेवटच्या तुकड्याला तिथे घाट म्हणतात, नंतर भर घालून समुद्र मागे हटवला तरी नाव राहिलं. मला हे कळलं तेव्हा मी त्या पाटीखाली बराच वेळ उभा होतो.

सकाळचा_चहा:

केएलकरांचं बरंचसं पटतंय पण पूर्ण नाही. मी अगदी असाच फिरलो, यादीबिदी काही नाही, आणि मुंत्री स्ट्रीटवरून दोनदा गेलो तरी ती निळ्या कपड्यातली मोठ्ठी मुलगी मला दिसलीच नाही. संध्याकाळी हॉटेलवर येऊन फोटो बघितला तेव्हा कळलं की आपण तिच्या समोरून गेलो होतो. का दिसली नाही तेही सांगतो कारण ते तुमच्या उपयोगाचं आहे.

तिथल्या जुन्या दुकानघरांना पुढे पडवी असते, सलग, एका घरातून दुसऱ्या घरासमोर, तिला काकी लिमा म्हणजे पाच फुटी म्हणतात. ऊन-पावसातून चालायला फार छान, तुमच्या आईंना तर तिथूनच चालवा. पण पडवीतून चाललं की वरची भिंत दिसत नाही, आणि ती मुलगी अख्ख्या भिंतीएवढी आहे, दोन खिडक्यांवरच्या छज्ज्यांवर हात टेकून जणू अंग वर उचलतेय. ती बघायची तर रस्त्याच्या पलीकडे उभं राहायला लागतं. म्हणून माझं म्हणणं, सावलीतून चाला पण प्रत्येक चौकात एकदा रस्ता क्रॉस करून मागे वळून बघा. आणि ज्या चार-पाच चित्रांसाठी खरोखर जीव तुटतोय त्यांच्या पिना ठेवा, त्यात काही कमीपणा नाही. आई बरोबर असताना "कुठेतरी असेल गं" करत उन्हात फिरवणं मला तरी बरोबर वाटत नाही.

वेळेचं ऐका. मलेशियाचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे पण सूर्य सात-सव्वासातशिवाय उगवत नाही. साडेसातला आर्मेनियन स्ट्रीटवर पोचा. उजेड मऊ, ऊन नाही आणि दुकानं बंद. दहानंतर त्या सायकलपाशी फोटोसाठी लाईन लागते, मग तुम्हाला चित्र नाही, लाईन दिसते. दुपारी अकरा ते चार रूमवर नाहीतर लिटल इंडियात जेवायला. तिथे केळीच्या पानावर भात-सांबार मिळतं, क्वीन स्ट्रीटचं मरियम्मन देऊळ १८३३ चं आहे, आईंना आवडेल. पाय दुखले तर गावात फिरणारी कॅट बस फुकट आहे. आणि छत्री लागतेच, सप्टेंबर-ऑक्टोबरमधे तर पाऊस रोजचाच.

रानवारा:

मी पण डिसेंबरमधे जातेय. वाचतेय, थांबू नका.

गेरू_चुना:

मी सांगलीकडचा, चाळीस वर्षं बोर्ड पेंटिंग केलं, दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या मागचं, निवडणुकीच्या भिंती, सगळं. मुलगा सिंगापूरला असतो त्याने मला पेनांगला नेलं होतं. मला यादीचं काही कळत नाही पण भिंतीचं कळतं म्हणून लिहितो, जरा लांबेल.

ही चित्रं काढणारा अर्नेस्ट झाखारेविच, मूळचा लिथुआनियाचा. २०१२ ला जॉर्जटाऊन फेस्टिव्हलसाठी त्याने ही मालिका केली. आता त्याने केलं काय ते बघा. आपण भिंत रंगवायची म्हणजे आधी ती सारखी करून घेणार, भोकं बुजवणार, लांबी भरणार, प्रायमर मारणार. या गड्याने भिंतीत जे आहे तेच धरलं. कॅनन स्ट्रीटला एक पोरगं खऱ्या खुर्चीवर उभं राहून भिंतीतल्या खऱ्या झरोक्याकडे हात पोचवतंय. आह क्वी स्ट्रीटला पोरगं रंगवलेलं आणि मोटरसायकल खरी जुनी, लोखंडाची. पोपडे निघालेला गिलावा तसाच राहू दिला, तोच पोरांच्या मागचा रंग झाला. ते चित्र दुसऱ्या भिंतीवर काढून चालणारच नाही. म्हणून ताई, चित्रापाशी पोचलात की आधी चित्र सोडून भिंत बघा. खिडकी कुठे आहे, ओल कुठनं चढलीय, वीट कुठे उघडी पडलीय. मग चित्राकडे या. वेगळंच दिसायला लागतं.

तिथली जुनी घरं विटा आणि चुन्याची. चुन्याची भिंत श्वास घेते, जमिनीतली ओल वर चढते आणि भिंतीतून बाहेर पडते. तिच्यावर आजकालचा प्लास्टिक रंग जाड मारला की ओल आत कोंडते, मीठ फुलतं आणि गिलाव्यासकट रंग सुटतो. आमच्या वाड्यात पण हेच झालं, आजोबांच्या वेळची निरू (म्हणजे बारीक चुन्याचा शेवटचा हात) काढलेली भिंत होती गुळगुळीत, काकांनी डिस्टेंपर मारला आणि पाच वर्षात पापुद्रे. तेव्हा तिकडची चित्रं पुसट झाली म्हणून लोक हळहळतात, ऊन, पाऊस, समुद्राची हवा आणि आतली ओल, हे होणारच. च्यू जेट्टीला दोन पोरं नावेत बसलेली काढली होती, मी गेलो तेव्हा फार फिकी पडली होती. मी त्या फिक्या चित्रापुढे जास्त वेळ उभा राहिलो. मुलगा म्हणाला बाबा इथे तर काहीच नाही राहिलं, मी म्हणालो हाताचा जोर कुठे होता ते आता दिसतंय, पहिला हात कुठला आणि दुसरा कुठला ते रंग उडाल्यावरच कळतं.

अजून एक. याच माणसाने २०१३ ला जोहोर बाहरूला, म्हणजे सिंगापूरच्या पुलापलीकडे, लेगोच्या खेळण्यातली एक बाई काढली आणि कोपऱ्यापलीकडे चाकू घेऊन दबा धरलेला चोर. गावात चोऱ्या होतात हे भिंतीवर आलेलं नगरपालिकेला नको होतं, काही दिवसात पांढरा रंग मारून टाकला. एका गावात त्याच हाताची चित्रं बघायला लोक विमानाने येतात आणि दुसऱ्या गावात भिंत पांढरी. मी निवडणुकीच्या भिंती रंगवल्यात, रात्रीत पुसलेल्या बघितल्यात, मला ते लागलं.

वरळीची_वाट:

काका किती सुंदर लिहिलंत. मी कोळीवाड्यात वाढलेली आहे त्यामुळे च्यू जेट्टीबद्दल मला बोलायचंच आहे.

ते टुरिस्ट स्पॉट नाहीये, ती वस्ती आहे. लाकडी खांबांवर समुद्रात उभी असलेली घरं, एकेका आडनावाच्या कुळाची एकेक जेट्टी, च्यू लोकांची ती च्यू जेट्टी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून लोक तिथे राहतायत. आत शिरलं की फळ्यांच्या वाटेच्या दोन्ही बाजूला लोकांची दारं, आत कोणी जेवतंय, कोणी झोपलंय, देवापुढे उदबत्ती लावलीय. फोटो काढू नका अशा पाट्या आहेत आणि तरी लोक दारात कॅमेरा घालतात. २०१७ ला आपल्याकडे ससून डॉकवर आर्ट प्रोजेक्ट झाला होता, कोळणींचे मोठ्ठे चेहरे लावले होते, मला तेव्हा फार अभिमान वाटला होता, पण बघायला आलेले लोक नाकाला रुमाल लावून आमच्या बायकांच्या टोपल्यांवरून उड्या मारत जात होते ते पण मी बघितलंय. चेहरा भिंतीवर चालतो आणि माणूस समोर आलं की बाजूला हो. म्हणून ताई जेट्टीवर जा जरूर, पण हळू बोला, दारात डोकावू नका, संध्याकाळी उशिरा जाऊ नका, आणि कोणी काही विकायला बसलं असेल तर थोडं घ्या त्यांच्याकडून.

आणि अख्ख्या जॉर्जटाऊनलाच हे लागू आहे. तिथे १९६६ चा भाडेनियंत्रण कायदा होता, आपल्या मुंबईतल्या पागडीच्या घरांसारखीच गोष्ट, पिढ्यान्‌पिढ्या लोक कमी भाड्यात राहून खाली धंदा करायचे. तो १९९७ ला रद्द केला, २००० पासून भाडी मोकळी झाली आणि हजारो लोकांना गाव सोडावं लागलं. म्हणजे चित्रं आली तेव्हा बरीच घरं आधीच रिकामी होती. आता खाली कॅफे आहेत. सायकलवरची पोरं खिदळतायत ते बघताना मला सारखं वाटत होतं, की या गल्लीत खरी पोरं किती उरलीत.

केएलकर:

वरळीची_वाट, एकदम बरोबर. माझ्या सासूबाई इथल्याच, तामिळ, त्यांचे वडील चुलिया स्ट्रीटवर भाड्याच्या खोलीत राहायचे. त्या अजूनही त्या घरासमोर उभ्या राहून कोण कुठे राहायचं ते बोटाने दाखवतात. तिथे आता हॉटेल आहे.

चालतीफिरती:

मंडळी, परत आले. काल रात्री पुण्यात पोचलो, आणि झोपायच्या आधी लिहायला बसलेय कारण तुम्हा सगळ्यांचं देणं लागते.

केएलकरांची सात गल्ल्यांची चिठ्ठी आईच्या पर्समधे ठेवली आणि सकाळचा_चहा यांचं ऐकून चार पिना माझ्या फोनमधे. शनिवारी बरोबर साडेसातला आर्मेनियन स्ट्रीट. एक माणूस दुकानासमोर झाडत होता, बाकी कोणी नाही. सायकलपाशी आम्ही दोघीच. काकांचं वाक्य डोक्यात होतं म्हणून आधी भिंत बघितली, गिलाव्याचे पोपडे, मग सायकल, आणि मग पोरं, मागे बसलेल्या लहान्याने पुढच्या मुलीला घट्ट धरलंय. मी इतक्या वेळा फोटोत बघितलेलं चित्र, पण ते एवढंसं आहे, आपल्या उंचीचं, हे फोटोत कधीच कळलं नव्हतं. मला वाटत होतं भलंमोठं असेल.

आईला चित्रांपेक्षा घरांमधे जास्त इंटरेस्ट. ती प्रत्येक पडवीत पायाखालच्या फरशा बघत होती, दारापाशी जमिनीवर ठेवलेला छोटा लाल देव्हारा, त्यात संत्री आणि उदबत्त्या, "अगं हे पण उंबऱ्याशीच पूजा करतात बघ." सळ्यांची चित्रं मात्र तिला प्रचंड आवडली, मी वाचायच्या आत ती अंदाज करायची. लव्ह लेनवाला नवरा बघून म्हणाली, हा काही चांगल्या घरचा दिसत नाही, आणि मग मी मजकूर वाचून दाखवला तर आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून एवढ्या हसलो की समोरच्या बाई पण हसायला लागल्या.

मोटरसायकलवाला मुलगा पहिल्या दिवशी सापडलाच नाही. आह क्वी स्ट्रीटच्या तोंडावरून दोनदा पुढे निघून गेलो. पिन होती, पण आईच म्हणाली राहू दे, उद्या भेटेल, आणि मी फोन बाहेर काढला नाही. दुपारनंतर धो धो पाऊस आला, पाच फुटीत अडकलो, एका पिंजरे विकणाऱ्या आजोबांनी आईला स्टूल दिलं. भाषा एकमेकांची शून्य. अर्धा तास आम्ही तिघं पावसाकडे बघत बसलो होतो. रविवारी सकाळी तो मुलगा भेटला.

गॅट लेबुह चुलियाच्या पाटीपाशी मी आईला सांगितलं की गॅट म्हणजे घाट. ती आधी विश्वासच ठेवेना. मग पुढे चालत गेलो, समुद्राचा वारा आला, आणि तिने मान डोलावली. त्याच भागात झोपाळ्यावरची बहीण-भाऊ आहेत, झोपाळा खरा, पोरं रंगवलेली, ते लुई गान नावाच्या तिथल्याच चित्रकाराचं आहे, झाखारेविचचं नाही, बरेच लोक सगळं त्याच्याच नावावर टाकतात.

पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो स्ट्युअर्ट लेनला. तिथे युलिया वोल्चकोवा या रशियन चित्रकर्तीने काढलेला म्हातारा भारतीय नावाडी आहे, घराची अख्खी बाजूची भिंत. माझ्या पिनांमधे तो नव्हताच. मी रस्ता ओलांडून मागे वळून बघितलं (थँक्यू सकाळचा_चहा) आणि तो दिसला. आई काही बोलली नाही बराच वेळ. मग म्हणाली, "आपल्या दाभोळच्या तरीवर असाच एक होता, तुझ्या पणजोबांना पैसे न घेता पलीकडे सोडायचा." मला हे माहितीच नव्हतं. पणजोबा रोज खाडी ओलांडून शाळेत शिकवायला जायचे हे मला पेनांगमधल्या एका भिंतीसमोर कळलं. फोटो काढला नाही मी त्याचा. आईचा काढला, त्याच्याकडे बघतानाचा, पाठमोरा.

च्यू जेट्टीला सकाळी नऊला गेलो, कॅमेरा बंद. नावेतली पोरं काका म्हणाले तशीच, फार पुसट. एका आजींकडून सुकी मासळी घेतली, आईने वास घेऊनच पास केली.

काल विमानतळावरून घरी येताना टॅक्सीत मावशीचा फोन आला, कसं होतं गं गाव म्हणून. आई चाळीस मिनिटं बोलत होती, पिंपरीपासून घरापर्यंत. फरशा, देव्हारे, पिंजरेवाले आजोबा, घाट, मासळीचा भाव. मी ऐकत बसले होते.

रानवारा:

ताई डोळ्यात पाणी आलं. एकच विचारते, हिन बस डेपोला गेलात का? जुन्या बस डेपोत चित्रं आहेत म्हणे, डिसेंबरच्या प्लॅनमधे ठेवू का?

चालतीफिरती:

हो हो, लिहायचं राहिलं. रविवारीच ठेव, त्या दिवशी तिथे बाजार भरतो, तिथलेच लोक हाताने केलेल्या वस्तू आणि खायचं घेऊन बसतात. १९४७ चा बस डेपो आहे, बरीच वर्षं पडून होता, २०१४ ला झाखारेविचच्याच प्रदर्शनाने पुन्हा उघडला. मागे मोकळं आवार आहे आणि भिंतींवर वेगवेगळ्या लोकांची चित्रं, मधेच झाडं उगवलेली. आर्मेनियन स्ट्रीटपासून जरा लांब पडतं, उन्हात चालत जाऊ नकोस, आम्ही गाडी केली. आणि स्ट्युअर्ट लेनला आलीस की रस्त्याच्या पलीकडे उभी राहा.